करपल्याचा वास

सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मधोमध आमचे विश्रामबाग आहे. १९१९ साली निघालेले विलिंग्डन कॉलेज इथले. १९४७ साली निघालेले आणि पुढे वालचंदांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले इंजिनिअरिंग कॉलेजही इथलेच. बाजारहाट करायचा तर सांगलीकडे तोंड करावे. मिरजेकडे मात्र माणूस दोनच कारणांसाठी वळतो, असे आमचे वडील गमतीने म्हणत. एक दुखणे आणि दुसरे गाणे.

त्यांच्या म्हणण्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. डॉ. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे केले, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले रोगी मिरजेची वाट चालत आले आहेत. आमच्या शेजारची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. गाण्याचे म्हणाल, तर सतारमेकर गल्लीतले तंबोरे देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. शिवाय खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी या गावात घर केले, आणि त्यांची समाधीही इथेच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे.

आमच्या घरात ही दोन्ही कारणे एकाच व्यक्तीच्या पायांनी आली. ती व्यक्ती म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का.

अक्काने लग्न केले नाही. शाळेत नोकरी केली, निवृत्त झाली आणि मग संध्याकाळच्या वेळी आमच्या पुढच्या खोलीत मुलींना गाणे शिकवू लागली. ती काही मोठी गायिका नव्हती, आणि तसा तिचा दावाही नव्हता. पण तिचा कान विलक्षण होता. मिरजेहून आणलेला तिचा तंबोरा ती दोन मिनिटांत असा जुळवी, की स्वयंपाकघरात भाजी चिरणारी माझी पत्नी क्षणभर हात थांबवी. "वन्संनी तंबोरा लावला की घर झाडून काढल्यासारखं वाटतं," असे ती म्हणायची.

२००९ सालच्या पावसाळ्यात या कानाला काहीतरी झाले. तंबोरा लागेना. अक्का खुंट्या पिळी, मणी खालीवर करी, जवारीचा दोरा सरकवी, पण तिचे समाधान होईना. आधी तिने तारांना दोष दिला. नव्या तारा आणल्या. मग हवेला दोष दिला, कारण पावसाळ्यात लाकूड ओढ घेते. शेवटी मुलींना दोष देऊ लागली. जिने कधी आवाज चढवला नाही, तिने एका दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर वही फेकली. त्या मुलीच्या आईने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की परीक्षा जवळ आल्यामुळे गाणे बंद ठेवीत आहोत. परीक्षेला अजून दोन महिने होते.

आणि मग तो वास सुरू झाला.

"काहीतरी करपतंय," अक्का म्हणे आणि उठून स्वयंपाकघरात जाई. गॅस बंद असे. ती परत येऊन बसे. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कधी दूध करपल्याचा, कधी चिंधी जळल्याचा वास. अर्धा-पाऊण मिनिट ती शून्यात पाहिल्यासारखी करी, ओठ चावल्यासारखे हलवी आणि मग उठून शेगडी पाहून येई. आम्ही आधी हसलो. मग वैतागलो. सकाळी डोके दुखते असे ती सांगू लागली तेव्हा पित्त म्हणालो. एका ओळखीच्या डॉक्टरांनीही पित्तच म्हटले आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितले. नंबर बदलला होता. त्यामुळे आमची सर्वांची खात्री पटली, की रोग सापडला!

त्या वर्षीची भाऊबीज मी विसरू शकत नाही. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताम्हनात निरांजन. अक्काने कुंकू लावले, अक्षता लावल्या आणि ओवाळता ओवाळता तिचा हात मध्येच थांबला. ताम्हन तिने जमिनीवर ठेवले, तेही तिरपे. तेल सांडले. "काहीतरी करपतंय रे," असे म्हणत ती आत निघून गेली. पाहुणे बसलेले होते. मी पाटावर तसाच. ती परत आली तेव्हा मी सर्वांच्या देखत ओरडलो, "वेड लागलंय का तुला?"

अक्का काही बोलली नाही. तिने ताम्हन उचलले, वात पुढे सरकवली आणि राहिलेले ओवाळणे पुरे केले.

* * *

जानेवारीत तिला पहाटे झटका आला, तेव्हा मिरजेला नेले. एम.आर.आय. काढला. डॉक्टरांनी काळी-पांढरी चित्रे प्रकाशासमोर धरली आणि बोटाने दाखवले. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात एक गाठ होती. त्यांनी मला विचारले, "यांना विचित्र वास येत होते का?"

हा प्रश्न ऐकताना मला जे झाले, ते या लेखाचे कारण आहे.

ज्या भागात ती गाठ होती त्या भागाला शंखखंड म्हणतात. त्याच्या आतल्या कडेला वास ओळखणारी जागा आहे. तिथे गाठ वाढू लागली, की मेंदूच्या पेशी अधूनमधून आपोआप पेटतात आणि माणसाला नसलेला वास येतो. तो भ्रम नव्हे आणि कल्पनाही नव्हे. नाकाने दिलेल्या बातमीत आणि मेंदूने स्वतः तयार केलेल्या बातमीत रोग्याला फरक करता येत नाही, इतकेच. हे ज्ञान जुने आहे. १८८९ साली लंडनचे डॉ. ह्यूलिंग्ज जॅक्सन आणि डॉ. बीव्हर यांनी एका स्वयंपाकिणीची हकीकत छापली होती. तिला मध्येच घाणेरडे काहीतरी जळल्याचा वास येई. मृत्यूनंतर पाहिले तेव्हा तिच्याही उजव्या शंखखंडात गाठ निघाली. म्हणजे आमच्या भाऊबिजेच्या एकशे वीस वर्षे आधीपासून अक्काची तक्रार वैद्यकाच्या पुस्तकात नोंदलेली होती. फक्त ती आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हती.

नंतर मी या विषयावरचे मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा जॉर्ज गर्श्विन या अमेरिकन संगीतकाराची गोष्ट वाचनात आली. १९३७ सालच्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिस येथे स्वतःचीच रचना पियानोवर वाजवताना तो काही मात्रा चुकला. त्या क्षणी त्याला रबर जळल्याचा वास आला होता. पुढे डोकेदुखी वाढली, हातातून वस्तू पडू लागल्या, स्वभाव बदलला. तपासण्यांत काही सापडेना, तेव्हा हे सारे मनाचे खेळ आहेत असे ठरले. जवळच्या माणसांनीही ते खरे मानले. ९ जुलैला तो बेशुद्ध पडला. वॉल्टर डँडी हे त्या काळचे नामांकित मेंदू-शल्यविशारद एका नौकेवर सुटी घालवत होते. त्यांना शोधून आणण्यासाठी धावपळ झाली, पण वेळ उरला नव्हता. दुसऱ्या शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया केली आणि ११ जुलैला तो गेला. वय अडतीस. गाठ उजव्या शंखखंडातच होती.

गर्श्विनची गोष्ट वाचून मला थोडे बरे वाटले हे कबूल करतो. इतक्या मोठ्या शहरातल्या माणसांना जे कळले नाही ते आम्हाला कळले नाही, हे समाधान फारसे उदात्त नाही. पण माणूस अशा वेळी मिळेल तो आधार धरतो.

* * *

मेंदूचा हा रोग इतर रोगांसारखा का नाही, हे समजून घेण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. आपला मेंदू सुमारे एक किलो चारशे ग्रॅमचा, मऊ आणि कवटीच्या बंद पेटीत ठेवलेला आहे. पोटात गाठ वाढली तर पोट पुढे येते. कवटी पुढे येत नाही. आत जागा मर्यादित, त्यामुळे गाठ वाढली की दाब वाढतो. रात्रभर आडवे पडल्यावर तो अधिक जाणवतो, म्हणून अशी डोकेदुखी पुष्कळदा सकाळी असते आणि तिच्याबरोबर उलटी होते. शिवाय पेटीतला प्रत्येक कोपरा कुणाच्या तरी नावावर आहे. एक भाषेचा, एक डाव्या हाताचा, एक दृष्टीचा, एक संयमाचा आणि विवेकाचा. गाठ ज्या कोपऱ्यात बसते त्या कोपऱ्याचे काम बिघडवते.

ही चिन्हे वाचूनच पूर्वीचे डॉक्टर गाठीची जागा ठरवीत. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतून अक्रोडाएवढी गाठ काढली. त्या वेळी क्ष-किरणांचाही शोध लागलेला नव्हता. एका हातातले बळ कमी झाले एवढ्यावरून डॉ. बेनेट यांनी जागा सांगितली आणि ती नेमकी निघाली. रोगी मात्र जंतुसंसर्गाने चार आठवड्यांत दगावला. कवटी न उघडता आत पाहण्याची सोय व्हायला आणखी सत्याऐंशी वर्षे लागली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने विम्बल्डनच्या एका रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचा सी.टी. स्कॅन काढला. आज मिरजेत एका सकाळी जे काम होते त्याच्यामागे इतकी वर्षे आहेत.

मेंदूची प्रत्येक गाठ जीवघेणी नसते, हेही इथे सांगायला हवे. मेंदूच्या आवरणातून निघणाऱ्या पुष्कळशा गाठी सौम्य असतात. त्या वेळेवर काढल्या तर माणूस पुढे वर्षानुवर्षे सुखाने जगतो. फ्रिजेश कारिंथी या हंगेरियन विनोदी लेखकाला बुडापेस्टच्या कॉफीगृहात बसल्या बसल्या आगगाडी धडधडत गेल्याचा आवाज येऊ लागला. रस्त्यावर आगगाडी नव्हतीच. १९३६ साली स्टॉकहोमला ओलिव्हेक्रोना यांनी त्याला जागे ठेवूनच शस्त्रक्रिया केली. तो बरा होऊन परतला आणि त्याने आपल्याच कवटीतल्या प्रवासाचे एक खुमासदार पुस्तक लिहिले.

अक्काची गाठ त्या जातीची नव्हती. तिचे नाव ग्लायोब्लास्टोमा. मेंदूच्या आधारपेशींतून उठणारी आणि चहूबाजूंनी मुळे सोडणारी ही गाठ. दिसते तेवढी काढली तरी न दिसणारी मागे राहते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ५७३ रोगी होते. नुसत्या किरणोपचारांनी अर्धे रोगी १२.१ महिन्यांपलीकडे जगले. टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्यांची जोड दिल्यावर हा आकडा १४.६ महिने झाला. फरक अडीच महिन्यांचा. पण दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण मात्र शंभरात दहावरून सव्वीसवर गेले. कागदावर हे आकडे लहान दिसतात. घरात कुणी आजारी असले, की अडीच महिने म्हणजे काय ते कळते. अडीच महिन्यांत एक दिवाळी बसते.

अक्काची शस्त्रक्रिया मुंबईला झाली. मग सहा आठवडे किरणोपचार. डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवीत. पहिल्या दिवशी तो पाहून ती म्हणाली, "दशावतारातलं सोंगच की रे!" हे तिचे जुने बोलणे होते. मला वाटले, अक्का परत आली.

* * *

ती परत आली होती, पण पाहुण्यासारखी.

या रोगाने माणूस दोनदा जातो, आणि पहिले जाणे कुणी मोजत नाही. उन्हाळ्यापर्यंत बरे चालले. पावसाळ्यात गाठ पुन्हा वाढली. जिने आयुष्यभर कुणाला उणा शब्द बोलला नाही, ती अक्का माझ्या पत्नीला म्हणाली, "माझ्या बांगड्या तूच चोरल्यास." बांगड्या तिच्या हातात होत्या. तिच्या तोंडून असे शब्द येऊ लागले, की ते तिला ठाऊक असतील असे आम्हाला स्वप्नातही वाटले नव्हते. सुजेवरच्या औषधाने चेहरा फुगला, भूक अनावर झाली. ताटातली डावी बाजू तिला दिसेचना. उजवीकडची भाजी संपली की "भाजी वाढली नाही" म्हणून रागवायची. माझी पत्नी मुकाट्याने ताट फिरवून ठेवायची. ही युक्ती तिची तिनेच शोधली होती. माझ्याच्याने तेवढे होत नसे. मी उठून बाहेर जात असे.

एके दिवशी धीर करून मी अक्काजवळ बसलो. म्हटले, "अक्का, भाऊबिजेला मी तुला फार बोललो. चुकलंच माझं."

तिने माझ्याकडे पाहिले. "कुठली भाऊबीज?"

मी आठवण करून दिली. पाट, ताम्हन, सांडलेले तेल. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हते. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि विचारले, "जेवलास का?"

क्षमा मागायला मी उशीर केला होता. जिच्याकडे ती मागायची ती अक्का त्या आठवणीसह आधीच निघून गेली होती.

शेवटच्या काही आठवड्यांत बोलणे थांबले. तिची एक जुनी विद्यार्थिनी यायची. आता तीच दोन मुलांची आई. तिने तंबोरा लावून पलंगाशी उभा धरला आणि अक्काचा उजवा हात उचलून भोपळ्यावर ठेवला. अक्काला सूर कळत होते की नाही, मी सांगू शकत नाही. हात मात्र तिने काढून घेतला नाही. २०११ च्या फेब्रुवारीत ती गेली. निदान झाल्यापासून तेरा महिन्यांनी.

* * *

पुढे वाचता वाचता माझी आणखी एका भावाशी ओळख झाली. ओळख अर्थात कागदावरची. कॅनडातले डॉ. वाइल्डर पेनफिल्ड हे विसाव्या शतकातले फार मोठे मेंदू-शल्यविशारद. त्यांची थोरली बहीण रूथ हिला वर्षानुवर्षे डोकेदुखी होती आणि पुढे झटके येऊ लागले. १९२८ साली ती माँट्रियलला त्यांच्याकडे आली. तपासणीत मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात मोठी गाठ आढळली. त्या डिसेंबरात भावाने स्वतः बहिणीची कवटी उघडली. जितकी काढता येईल तितकी गाठ काढली, पण सगळी निघाली नाही.

रूथ घरी गेली. सुमारे सव्वा वर्षाने पेनफिल्ड तिच्याकडे जेवायला गेले. पाहुणा एकटा भाऊ आणि घरची चार माणसे. स्वयंपाक साधाच करायचा होता आणि त्यासाठी दिवसभर हाताशी होता. जेवणाची वेळ झाली तेव्हा रूथ स्वयंपाकघरात गोंधळून उभी होती. सामान सगळे काढलेले, एकदोन भांडी चुलीवर, पण मांसाला हात लागलेला नव्हता आणि कोशिंबीर अर्धी राहिलेली. तिला प्रत्येक गोष्ट करता येत होती. आधी काय आणि मग काय, हे ठरवणे तेवढे हरवले होते. रूथ १९३१ साली वारली. १९३५ साली पेनफिल्ड यांनी मेंदूच्या त्या भागाविषयी शास्त्रीय लेख लिहिला, त्यात हा प्रसंग आहे. दुसरा कुणी असता तर त्या संध्याकाळी म्हणाला असता, "ताई, एवढंसुद्धा जमत नाही का तुला?" पेनफिल्ड यांना ठाऊक होते की हे बहिणीचे वागणे नाही, हे गेलेल्या भागाचे वागणे आहे. तो प्रसंग त्यांनी विसरून टाकला नाही आणि लपवलाही नाही. लिहून ठेवला, म्हणजे इतरांच्या बहिणींना उपयोगी पडेल.

१९३४ साली त्यांनी माँट्रियलला मेंदूविज्ञानाची मोठी संस्था उभारली. तिथे शिकून आलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरला भारतातला पहिला मेंदू-शल्यविभाग सुरू केला. मुंबईचे डॉ. राम गिंडे हेही पेनफिल्ड यांच्याच हाताखाली तयार झाले. माँट्रियलच्या त्या संस्थेतली विद्या अशी समुद्र ओलांडून आपल्या मुलखापर्यंत आली. रूथ वाचली नाही. पण भावाने तिची आठवण कामाला लावली.

दुसरे उदाहरण एका बापाचे आहे. जॉन गुंथर हे प्रसिद्ध अमेरिकन पत्रकार. त्यांचा जॉनी नावाचा एकुलता मुलगा १९४६ च्या वसंतात या रोगाने आजारी पडला आणि ३० जून १९४७ रोजी सतराव्या वर्षी गेला. जाण्याआधी काही आठवडे डोक्याला पट्टी बांधलेल्या स्थितीत तो आपल्या शाळेच्या पदवीदान समारंभात स्वतःच्या पायांनी चालत गेला. १९४९ साली गुंथर यांनी मुलावर पुस्तक लिहिले. मुलाचे विनोद, त्याचे रसायनशास्त्राचे वेड, त्याची पत्रे, सारे त्यात आहे. शेवटी आईनेही थोडे लिहिले आहे. मुलावर याहून अधिक प्रेम करायला हवे होते, अशी खंत तिने त्यात बोलून दाखवली आहे. ही खंत वाचली तेव्हा मला कळले, की ज्यांनी काही चूक केली नाही त्यांनाही ती असते. मग ज्याने केली त्याने तिचे किती अवडंबर माजवावे?

* * *

कर्करोगाने, हृदयविकाराने किंवा अपघाताने गेलेल्या माणसाची आठवण काढणे अवघड असले, तरी निदान एकाच माणसाची काढायची असते. इथे दोन माणसे समोर येतात. एक ती, जिच्या तंबोऱ्याने घर झाडून निघे. दुसरी ती, जी बांगड्या चोरल्याचा आळ घेई. दुसरी अलीकडची, म्हणून आठवणीत तीच पुढे येऊन बसते. पहिली दोन वर्षे अक्का म्हटले की मला तोच फुगलेला चेहरा दिसे. पत्नीलाही तसेच होई, पण आम्ही एकमेकांना सांगत नव्हतो. ती अक्काची निंदा होईल असे वाटे.

ज्या दिवशी आम्ही ते बोललो, त्या दिवसापासून थोडे सुटलो. पत्नी म्हणाली, "ते बोलणं वन्संचं नव्हतंच. ते गाठीचं बोलणं होतं." मग मी म्हणालो, "आणि मी भाऊबिजेला ओरडलो तो?" ती जरा थांबून म्हणाली, "ते मात्र तुमचंच."

तिने मला सोडले नाही, हे बरेच झाले. गाठीचे गाठीला आणि माझे मला, अशी वाटणी झाली. त्यानंतर अक्काची जुनी ओळख हळूहळू परतू लागली. आधी तिचे हसणे आठवले. मग शाळेच्या स्नेहसंमेलनाआधीची तिची धांदल. मग गणपतीत आरतीला ती धरायची तो टिपेचा सूर. ज्यांच्या घरात असे दुखणे होऊन गेले असेल, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : शेवटच्या काळातल्या गोष्टी घरात मोठ्याने बोला. दडवून ठेवल्या की त्या जुन्या चांगल्या आठवणींच्या दाराशी ठाण मांडून बसतात.

आणि ज्यांच्या घरात असे काही झालेले नाही, त्यांना दुसरे सांगणे आहे. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे. शंभरांतल्या बहुतेकींचे कारण साधे असते. परंतु नव्याने सुरू झालेली, दिवसेंदिवस वाढणारी, सकाळी उलटीसह येणारी डोकेदुखी, मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेला झटका, एका हातापायातले कमी झालेले बळ, अडखळणारी वाणी, दुहेरी दिसणे, नसलेले वास येणे आणि काही आठवड्यांत अनोळखी झालेला स्वभाव, यांना पित्त, वय किंवा 'हल्ली चिडचिडी झालीय' अशी नावे देऊन मोकळे होऊ नये. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे. गाठ सौम्य असेल तर माणूस वाचेल. अक्कासारखी असेल, तर दोन महिने आधी कळल्याने कदाचित फारसे काही बदलणार नाही. डॉक्टरांनी मला हे स्पष्टच सांगितले होते. पण ते दोन महिने तिला कुणी वेडी म्हणणार नाही. हा लाभ कुठल्याही पाहणीच्या आकड्यांत येत नाही.

जर्मनीतल्या लाइपझिग येथील एका संस्थेने २००० साली ८ जून हा जागतिक मेंदू-अर्बुद दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. तसा दिवस असावा, हे योग्यच. पण आठवण जपण्याची एक रीत आमच्या मिरजेला त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ च्या ऑक्टोबरात, गर्श्विन गेला त्याच वर्षी, दक्षिणेत प्रवासात असताना वारले. त्यांचे दुखणे वेगळे होते. पण त्यांची आठवण मिरज कशी काढते पाहा. दर्ग्याच्या उरुसात, चिंचेच्या झाडाखाली, दरवर्षी गायक-वादक येतात आणि हजेरी लावतात. कुणी भाषण करून रडत नाही. जो जे करीत असे, ते त्याच्या नावाने करायचे.

आम्हीही तेच करतो. अक्काचा तंबोरा तिच्या त्या विद्यार्थिनीला दिला. अट एकच घातली, की दर भाऊबिजेला तो आमच्या पुढच्या खोलीत यावा. ती येते, अर्धा तास गाते, फराळ करते आणि मला ओवाळते.

आणखी एक रीत घरात आपोआप पडली आहे. कुणी "काहीतरी करपतंय" म्हणाले, की आमच्याकडे आता कुणी हसत नाही. आधी स्वयंपाकघरात जाऊन पाहून यायचे आणि मग म्हणणाऱ्याजवळ क्षणभर बसायचे. नातवंडांना यामागचे कारण सांगितले आहे. मागच्या दिवाळीत धाकटी नात धावत आली, "आजोबा, वास येतोय!" मी उठलो आणि आत गेलो.

दूध उतू गेले होते.